फाटकातला रोलर

ता. २ फेब्रुवारी, रविवार

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र बुधवारी पोहोचले. भावोजींनी बोटींच्या इंजिनांच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला आणि मालकांनी मला शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यायचे कबूल केले, हे मी तीनदा वाचले. चौथ्यांदा आईला वाचून दाखवले. ती म्हणाली की पाण्याजवळ कपडे लवकर वाळत नाहीत. एवढेच म्हणाली. बाबा तेव्हा अंघोळीला गेले होते, त्यामुळे त्यांना वाचून दाखवायचे राहिले.

कधी निघतो ते आज लिहीत नाही. बघतो. इथले एक काम गळ्यात पडले आहे, ते आधी सांगतो.

आपल्या दवाखान्याला गाडी नाही हे तुला ठाऊकच आहे. गेल्या महिन्यात शाळेच्या शिपायाच्या बायकोला मोठ्या इस्पितळात न्यायचे होते, तर गादीवाल्याचा टेम्पो मिळाला. नऊ नव्या गाद्यांच्या मधोमध तिला निजवून नेले. परत आल्यावर ती म्हणाली की दुखणे वाईट होते, पण प्रवास छान झाला. सगळे हसले. बालवाडीच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सभा बोलावली आणि असे ठरले की शाळेच्या मैदानावर एक दिवस वाहनांचा मेळावा भरवायचा. अग्निशामक बंब, क्रेन, रस्ते झाडायचे यंत्र, फिरते वाचनालय, असे जे जे गावात फिरते पण कोणाला आत बसायला मिळत नाही, ते सगळे उभे करायचे. घरातल्या लहानथोर सगळ्यांनी यावे, पोरांनी वर चढावे, भोंगे वाजवावेत. तिकिटाचे पैसे दवाखान्याच्या गाडीला.

मी सभेला फक्त बाके लावायला गेलो होतो. फळ्यावर कोणीतरी मेळाव्याचे नाव लिहिले होते, त्यात वेलांटी चुकली होती. मी उठून ती दुरुस्त केली. तेवढ्यावर माझी सचिव म्हणून निवड झाली. मी आठवीत शाळा सोडली आहे असे सांगून पाहिले. बाई म्हणाल्या की त्यांनीच मला पहिली अक्षरे गिरवायला शिकवली, तेव्हा त्यांना माझे शिक्षण सांगू नये. मेळावा १६ मार्चला आहे.

आईच्या चष्म्याची काडी मी तारेने बांधली आहे. बाबांचा गुडघा बरा आहे.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, फक्त कमी होऊ देऊ नये.

तुझा,
मोजपट्टी


ता. ८ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

अरे सचिव महाराज, अभिनंदन. लहानपणी दारापासून चुलीपर्यंतची पावलं मोजत चालायचास म्हणून मी तुझं हे नाव ठेवलं, तेव्हा वाटलं नव्हतं की एक दिवस गावाची वाहनं तुझ्या पट्टीवर उभी राहतील.

पण आता माझं मोजणं ऐक. तुझी गेल्या सहा महिन्यांतली पत्रं काढून बसले. त्यांत ‘बघतो’ हा शब्द अकरा वेळा आहे. शाळा सोडलीस तेव्हाही बाबांना पुढे काय करणार म्हणून विचारल्यावर बघतोच म्हणाला होतास.

कारखान्याचे मालक भले आहेत. पण त्यांना बायको आहे, बायकोला भाऊ आहे आणि भावाला एक रिकामा मुलगा आहे. १ एप्रिलपर्यंत तुझी जागा धरून ठेवतो म्हणाले, त्यानंतर एक दिवस नाही. ह्यांनी दोनदा विचारून खात्री केली. इथे आमच्या मागच्या खोलीत तुझी खाट लावून झाली आहे. तुझी भाची रोज तिच्यावर उड्या मारून खाट पक्की आहे की नाही ते तपासते.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. बाबांचा गुडघा बरा आहे, हे तू शेवटी एकटंच वाक्य लिहिलंस. खरी गोष्ट तू नेहमी लांबण लावून सांगतोस. तेव्हा सरळ सांग, तुझं अडलंय कुठे? रागावणार नाही. फार फार तर दोन पानं रागावेन.

लोभ करायला मी आहेच, उत्तर द्यायला तू राहा.

तुझी,
ताई


ता. १६ फेब्रुवारी, रविवार

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र एकटीने वाच आणि भावोजींना दाखवू नकोस.

बाबांचा गुडघा बरा नाही. गेल्या जुलैत बाजाराच्या रस्त्यावर खात्याच्या रोलरने खडी दाबताना त्यांच्या डाव्या पायाने क्लच दाबलाच गेला नाही. रोलर एका दुकानाच्या पायरीपासून दोन वितींवर थांबला. मी डबा घेऊन गेलो होतो, म्हणून पाहिले. बाबा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मी वर चढलो, त्यांच्या पायाजवळची हत्यारांची पेटी बाहेर काढली, त्या जागेत बसलो आणि माझा पाय पेडलवर ठेवला. त्या दिवसापासून मी रोज डबा घेऊन जातो आणि परत येत नाही.

बाजूने पत्रा आहे, त्यामुळे रस्त्यावरून मी दिसत नाही. पत्र्याला विटेएवढी फट आहे. आठ महिने मी हे गाव त्या फटीतून बघतो आहे. माणसे मला गुडघ्यापर्यंतच दिसतात. कोणती चप्पल कोणाची, कोणाचा टाच घासून चालायचा स्वभाव आहे, हे मला पाठ झाले आहे. बाबा हं म्हणाले की मी दाबतो आणि जिभेने टक् केले की सोडतो. इंजिनाच्या आवाजात हे दोनच आवाज ऐकू येतात. दिवसभर आमचे एवढेच बोलणे होते. घरी आल्यावर तेवढेही होत नाही.

आईने एक दिवस न विचारता गोणपाटाची जाड उशी शिवून डब्याच्या पिशवीत घातली. ती बरोबर त्या जागेच्या मापाची आहे. यावरून तिला माहीत आहे असे वाटते.

सगळेच वाईट आहे असे नाही. खाणीकडचा रस्ता दुपारी मोकळा असतो. तिथे चारपाच वेळा बाबांनी सरकून मला चालवायला बसवले. मी रोलर एकट्याने शंभर पावले मागे आणला, मैलाच्या दगडाला न लागता. तेव्हा ते म्हणाले की हात चांगला आहे. माझ्याबद्दल ते आधी असे काही म्हणाल्याचे मला आठवत नाही.

बाबांची नोकरी ऑगस्टअखेर संपते. त्याआधी कोणाला कळले तर डॉक्टरी तपासणी होईल. त्यात ते टिकणार नाहीत. मग आधीच घरी बसवतील आणि पेन्शन तुटेल, असे ते एकदा आईला म्हणाले. म्हणजे मी ऑगस्टपर्यंत हलू शकत नाही आणि तुमचे मालक एप्रिलपुढे थांबू शकत नाहीत. हे गणित मी सगळ्या बाजूंनी करून पाहिले. प्रत्येक वेळी उत्तर तेच येते.

आता मेळाव्याचे. रस्ते खात्याच्या साहेबांची इच्छा अशी की रोलरने दिवसभर मैदानात फेऱ्या माराव्यात आणि पोरांनी पुढे बसून गंमत बघावी. ते होऊ देता येत नव्हते. म्हणून मी आराखड्यात रोलर फाटकातच उभा केला. सोबत आराखडा पाठवतो आहे. मैदानाला फाटक एकच आणि त्यापुढे दोन भिंतींमधली चाळीस फुटांची गल्ली. पोरे मोकळी फिरत असताना एकही वाहन आत-बाहेर होऊ नये, म्हणून सगळी आत आली की मागून रोलर येऊन फाटकात थांबेल, अडसरासारखा. माणसांना बाजूच्या लहान दारातून यायचे. सकाळी सात वाजता, कोणी नसताना, आम्ही दोघे तो आणून लावू. संध्याकाळी सगळे गेल्यावर काढू. मधला सारा दिवस बाबा स्वच्छ गणवेशात नुसते वर बसतील. समितीला ही सुरक्षितता फार आवडली. सुरक्षितता खरीच आहे. दुसरे कारण फक्त तुला ठाऊक आहे.

आराखड्यात कुठे चूक दिसली तर कळव.

लोभ असावा, आणि या पत्रापुरता जरा जास्त असावा.

तुझा,
मोजपट्टी


ता. २२ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं. सासूबाईंनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं मेळाव्याचा आराखडा फार लांबलचक आहे.

दोन पानं रागावणार होते, पण काय रागावू? आठ महिने तू त्या खबदाडात बसलास आणि मला लिहीत राहिलास की आईने लोणी कढवलं आणि शेजारच्यांनी दाराला रंग दिला. तुम्ही दोघं मिळून एक ड्रायव्हर आहात, रे. आणि त्या एका ड्रायव्हरचं स्वतःशीही बोलणं नाही.

एकच विचारते. बाबांनी तुला राहा म्हटलं का? तू पेटी काढून बसलास, ते गप्प राहिले, म्हणून तू समजलास की राहायचं. तू गप्प राहिलास म्हणून ते समजले असतील की तुला राहायचंय. त्यांना कारखान्याचं सांगितलंस का, की अजून अंघोळच चालू आहे त्यांची? साहेबांकडे जाऊन दुसरं बसून करायचं काम मागून बघितलं का कोणी? ‘घरी बसवतील’ हे साहेब म्हणाले, की बाबाच साहेबांच्या वतीने म्हणाले?

आराखडा पाहिला. अक्षर सुरेख. नऊ वाहनं, प्रत्येकाची यायची वेळ, जायची वेळ, पाच-पाच मिनिटांचा हिशेब. सगळ्यांची सुटका लिहिली आहेस, तुझी तेवढी कुठे दिसली नाही.

आणि चूक विचारलीस म्हणून सांगते. बंब आत आणि रोलर फाटकात, हे मला बरं वाटत नाही. आग काही मेळावा उरकायची वाट बघत नाही.

बाबांना मी काही लिहीत नाही, शपथ. पण माझा लोभ गप्प बसणाऱ्यातला नाही, हे ध्यानात असू दे.

तुझी,
ताई


ता. ८ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. रोज संध्याकाळी सभा आणि सभेनंतर पत्रे लिहिणे चालू आहे.

तू जे विचारलेस तेच बंबाच्या प्रमुखांनी विचारले, आगीचा निरोप आला तर काय. मी सांगितले की रोलर मागे घेऊन गल्ली मोकळी करायला चार मिनिटे लागतात. मी अंदाजाने सांगितले नाही. रविवारी पहाटे बाबा आणि मी तिथे जाऊन घड्याळ लावून मोजले. तीन वेळा मोजले आणि सर्वांत जास्त आलेला आकडा दिला. त्यांनी वहीत चार असे लिहून घेतले.

एक गंमत झाली. शववाहिकेचे चालक, ज्यांना सगळे सावकाश काका म्हणतात, ते इस्त्रीचा गणवेश घालून आपल्या दारी आले. आपल्या गाडीला आमंत्रण का नाही, ती गाडी नव्हे काय, असे त्यांनी विचारले. ते म्हणाले की बंबात बसायची वेळ या गावात कोणावर येणार नाही, क्रेनमध्येही नाही, पण त्यांच्या गाडीत प्रत्येकाची जागा राखून ठेवलेली आहे, तेव्हा ओळख आधी झालेली बरी. बाबा आतून ऐकत होते. ते हसले, ताई. किती दिवसांनी हसले. शेवटी बाईंनी तोडगा काढला. शववाहिका सावलीत उभी राहील, पोरांनी फक्त पुढच्या जागेवर बसायचे आणि मागचे दार उघडायचे नाही.

रस्त्यांच्या साहेबांनी परवा सर्वांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अशी माणसे गावातच राहिली पाहिजेत असे म्हणाले. तो हात उतरेपर्यंत मी समोरची बाके मोजत राहिलो. बाईंनी तर पुढच्या वर्षीच्या मेळाव्याची वही आत्ताच माझ्या नावाने घातली आहे.

बाबांना मी अजून सांगितलेले नाही. गुरुवारी सांगणार होतो. संध्याकाळी रोलरवरून उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. खाली आल्यावरही हात काही वेळ तसाच ठेवला. त्यानंतर सांगवेना.

म्हणून सोबत कारखान्याच्या मालकांना लिहिलेले नकाराचे पत्र पाठवतो आहे. चार वेळा लिहून काढले, खाडाखोड नाही. ते तू भावोजींमार्फत पोहोचते कर. जागा उगाच अडवून ठेवणे बरे नाही.

माझ्यावर राग असला तरी चालेल, लोभ मात्र त्याच्या शेजारी राहू द्यावा.

तुझा,
मोजपट्टी


ता. १२ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

चारच ओळी लिहिते, टपाल निघायची वेळ झाली. तुझं मालकांना लिहिलेलं पत्र मिळालं. साखरेच्या डब्याखाली ठेवलं आहे. मेळावा होऊन तुझं पुढचं पत्र येईपर्यंत ते तिथून हलणार नाही. मुदत १ एप्रिलपर्यंत आहे आणि तोवर डब्यातली साखरही संपत नाही.

सगळ्यांना सांभाळ. त्या सगळ्यांत स्वतःला धरायला विसरू नकोस. लोभाचं ओझं होत असेल तर तेवढं सांग, हलकं करून पाठवेन.

तुझी,
ताई


ता. १७ मार्च, सोमवार

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मेळावा झाला. जे झाले ते क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच मला मेळ लागणार नाही.

सकाळी ठरल्याप्रमाणे सगळी वाहने आली. सातला आम्ही रोलर फाटकात लावला. मी उतरून सदरा बदलला आणि सचिवाचा बिल्ला लावला. दहापर्यंत मैदान भरून गेले. आजोबा, आज्या, कडेवरची पोरे. सर्वांत लांब रांग बंबापुढे होती आणि दुसरी, खरे सांगतो, सावकाश काकांपुढे. ते प्रत्येक पोराला बसवून गंभीरपणे सांगत होते की आता उतरा, घाई नाही, पुन्हा भेटूच. बाबा रोलरवर ताठ बसले होते. पोरांना भोंगा वाजवू देत होते.

साडेअकराला बाईंनी मला रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायच्या उचलगाडीतून वर जायला सांगितले. वरून गर्दी मोजायची होती आणि मोजायचे काम म्हणजे माझेच. मी पाळण्यात उभा राहिलो. चालकाने मला तीस फूट वर नेले आणि तो क्रेन बघायला निघून गेला. पाळणा खाली घ्यायची कळ खालीच असते.

मी सहाशे बारापर्यंत आलो होतो, तेव्हा धोब्याच्या दुकानामागून धूर दिसला. तोवर खालीही निरोप आला होता. बंबाच्या प्रमुखांनी शिटी मारली, लोकांनी पोरे बाजूला घेतली, बंब सुरू होऊन फाटकाकडे वळला. बाबांनी रोलर सुरू केला. रोलरने एक हिसका दिला आणि तो बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा हिसका, पुन्हा बंद. मला वरून सगळे दिसत होते. आठ महिने मी बाबांचे गुडघ्याखालचेच पाहिले होते. त्या वेळी ते मला अख्खे दिसले. दोन्ही हातांनी ते स्वतःचा गुडघा खाली दाबत होते, जसा एखादा पंप दाबतात. लोक त्यांच्यावर ओरडत होते. बंबाची घंटा थांबत नव्हती.

मी ओरडून ओरडून चालकाला बोलावले. तो धावत आला, पण ती उचलगाडी उतरते तशीच उतरते, कोणासाठी भरभर उतरत नाही. त्या पाळण्याच्या कठड्याला धरून मी उभा होतो आणि माझा डावा पाय आपोआप तळ दाबत होता.

खाली आलो आणि धावलो. रोलरच्या पायरीशी साहेब स्वतः उभे होते. त्यांच्या बाजूने वर चढलो आणि त्यांच्या डोळ्यांदेखत माझ्या जागेत शिरलो, बिल्ल्यासकट. बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते हं म्हणाले.

रोलर चाळीस फूट मागे गेला आणि बंब बाहेर पडला. कोणाला इजा झाली नाही. धोब्याची मागची पडवी आणि लोकांच्या बऱ्याच चादरी जळाल्या. चार नव्हे, अकरा मिनिटे लागली. संध्याकाळी प्रमुखांनी माझ्यासमोर वही काढली, चारवर रेघ मारली आणि अकरा लिहिले. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते चार मिनिटांचे माप दोन माणसांचे होते आणि मी एका माणसाला फाटकात बसवून गेलो, ही चूक माझी आहे. तू आधी सांगितले होतेस.

आता पुढचे. लोक आमच्याभोवती जमले. मी पत्र्यामागून बाहेर आलो. साहेबांनी बाबांना विचारले की हे किती दिवस चालले आहे. बाबांनी खरे सांगितले. मला वाटले, आता संपले. पण साहेब म्हणाले की अहो, आधी येऊन सांगायचे होते, भांडारात खुर्चीवर बसून हत्यारे द्यायला-घ्यायला माणूस हवाच होता, ऑगस्टपर्यंत तिथे बसा. पेन्शनला काही होणार नाही. एवढेच होते, ताई. आठ महिन्यांचे उत्तर एवढेच होते आणि आम्ही ते कोणाला विचारले नव्हते.

मग साहेब माझ्याकडे वळले. म्हणाले की रोलर घरातच राहू दे, उद्यापासून याला घेतो, वर्षभरात कायम करतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी डोळे पुसले. साहेबांचा हात पुन्हा खांद्यावर आला. मी हो म्हणणार होतो. चारचौघांत नाही म्हणायची मला सवय नाही. हो अगदी ओठांवर आले होते.

तेवढ्यात बाबा वरून बोलले, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे. म्हणाले की साहेब, या पोराला काही येत नाही. पेडलवर दगड ठेवला असता तरी चालले असते, हा तेवढाच कामाचा. आठ महिन्यांत एक दांडा ओळखायला शिकला नाही. याला रोलर द्याल तर पहिल्या दिवशी कोणाची तरी भिंत पाडील.

लोक हसले. साहेबांनी हात काढून घेतला आणि मग राहू दे म्हणाले. मी खाली बघत उभा राहिलो. मला सगळे दांडे येतात. खाणीवर त्यांनी स्वतः पाहिले आहे. आठ महिन्यांनी त्यांनी माझ्याबद्दल चार वाक्ये सलग बोलायची आणि ती ही? आज सकाळी बाबा भांडारात गेले, डबा स्वतः घेऊन.

दवाखान्याच्या गाडीपुरते पैसे जमले, टायर सोडून. टायरांसाठी आणखी एक मेळावा घेऊ असे बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिले.

मी आता कशाला हवा आहे ते मला कळत नाही. ते नकाराचे पत्र पोहोचते केलेस की नाही, तेही कळव.

लोभ असेल तर या वेळी लवकर लिहावे.

तुझा,
मोजपट्टी


ता. २२ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल आलं. पण त्याच्या आदल्या दिवशी दुसरं एक आलं होतं. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, इतक्या वर्षांत बाबांनी मला स्वतःच्या हाताने लिहिलेलं हे पहिलं कार्ड. तुला दाखवू नको असं त्यांनी शेवटी लिहिलं आहे. मी दाखवत नाही, नुसतं उतरवून काढते.

‘चि. ताईस आशीर्वाद. तुझ्या आईने मला कारखान्याचे फेब्रुवारीतच सांगितले. मी वाट पाहिली, तो बोलला नाही. मीही बोललो नाही, माझी गरज होती. रविवारी साहेब त्याला रोलरवर घेत होते आणि तो हो म्हणणार होता. तेव्हा मी त्याच्याबद्दल साहेबांना खोटे सांगितले. तू तिकडे मालकांना खरे सांग. दहा टनांचा रोलर त्याने एकट्याने शंभर पावले मागे आणला आहे, मैलाच्या दगडाला न लागता. त्याचे ३० तारखेच्या बसचे तिकीट काढले आहे. गुडघा ठीक. बाबा.’

यावर मी काय लिहू? तू पत्रं जशी परत परत वाचतोस तसं हे वाच.

तुझं नकाराचं पत्र मात्र आता देता येणार नाही. साखरेचा डबा उचलून तुझ्या भाचीने ते काढलं आणि पाठीमागे बोट काढली. बोटीत एक माणूस आहे, त्याच्या हातात पट्टी आहे. बाईंना सांग, टायरांच्या मेळाव्याच्या पत्रांत वेलांट्या चुकल्या तरी लोक येतात.

खाट तपासून झाली आहे. लोभ इथेच ठेवला आहे, येऊन घेऊन जा.

तुझी,
ताई


ता. ५ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. आईला सांगा की कपडे खरोखरच वाळत नाहीत. ताईकडे सगळे बरे आहेत. खाट पक्की आहे.

कारखाना पाण्याला लागून आहे. मोठे दार सबंध उघडे असते आणि काम करताना समोर पाणी दिसते. पहिले दोन दिवस मी दर थोड्या वेळाने मान वर करून ते बघत होतो. मालकांनी मला रोलरबद्दल विचारले तेव्हा ताईने त्यांना काय सांगितले आहे ते कळले. मी हो म्हणालो. इथल्या इंजिनांचे निम्मे भाग ओळखीचे आहेत, उरलेले शिकेन.

भांडाराची खुर्ची उंच असेल तर पायाखाली आईने शिवलेली उशी घ्या. ती मी डब्याच्या कपाटात ठेवली आहे.

एक लिहायचे राहिले होते. स्टँडवर तुम्ही खिडकीशी उभे होतात आणि आपण दोघेही काही बोललो नाही. बस सुरू झाली तेव्हा मी समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरली होती आणि डावा पाय खाली दाबून ठेवला होता. उतरावे असे वाटत होते. तेव्हा तुम्ही जिभेने टक् केलेत. इंजिनाच्या आवाजातही ते मला ऐकू आले.

मी पाय उचलला.

कळावे. लोभ आजवर होता तसाच असावा, त्याला शब्द नसले तरी चालतील.

तुमचा,
मोजपट्टी